एड्सची गोळी कुणाच्या पैशाने? परदेशी मदतीमागचं राजकारण

२० जानेवारी २०२५ ला डोनाल्ड ट्रम्प यांनी अध्यक्षपदाची शपथ घेतली आणि त्याच दिवशी अमेरिकेची परदेशी मदत नव्वद दिवसांसाठी थांबवणाऱ्या आदेशावर सही केली. चार दिवसांनी परराष्ट्र खात्याने जगभरच्या संस्थांना ‘आहे ते काम थांबवा’ असं लेखी कळवलं. आफ्रिकेतले कित्येक दवाखाने रातोरात बंद पडले. आपल्याकडे हैदराबाद, पुणे आणि कल्याणला तृतीयपंथीयांसाठी चालणाऱ्या ‘मित्र’ क्लिनिकांना कुलूप लागलं. नागपुरात मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांच्या एआरटी सेंटरवर मिळणाऱ्या गोळ्यांवर मात्र या आदेशाचा थेट परिणाम होण्याचं कारण नव्हतं. साहजिकच टपरीवरचा प्रश्न असा की, ‘तिकडं अमेरिकेत पैसा थांबला तं आपल्याले काय फरक पडते?’

प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर पैशाच्या वाटेत आहे. एआरटी म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणारा औषधोपचार. आता बहुतेक रुग्णांना रोज एकच गोळी पुरते. टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राव्हिर ही तीन औषधं त्या एका गोळीत असतात, सेंटरवर तिला सगळे टीएलडी म्हणतात. ती दिल्लीची नॅको, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, टेंडर काढून विकत घेते आणि त्याचा पैसा मुख्यतः केंद्र सरकारचा असतो. ‘मित्र’ क्लिनिकं चालायची ती अमेरिकेच्या यूएसएड या मदतसंस्थेच्या पैशावर. एकाच देशात, एकाच आजारावर काम करणाऱ्या दोन जागा. खिसे वेगळे, म्हणून नशीबही वेगळं.

पण नुसत्या गोळीने भागतं का? एआरटी सेंटरमधून बाहेर पडणारा माणूस नीट बघा. गडचिरोलीहून किंवा थेट बालाघाटहून आलेला असतो. बाटली पिशवीत टाकण्याआधी तो तिचं लेबल नखाने खरवडतो, नाहीतर गोळ्या दुसऱ्या साध्या डबीत ओततो. एसटीत बाटली खुळखुळली की शेजारचा विचारणारच, ‘कायच्या गोळ्या हो?’ हा माणूस पुढच्या तारखेला आला नाही तर त्याला फोन करणारं, गरज पडली तर घरचा पत्ता शोधत जाणारं कुणीतरी लागतं. गोळी बंद झाली की काही आठवड्यांत विषाणू पुन्हा वाढतो. नियमित घेतली आणि रक्तातला विषाणू मोजता न येण्याइतका कमी झाला, तर शारीरिक संबंधातून तो दुसऱ्याला होत नाही. म्हणजे एकाच्या गोळीत गावाचंही भलं आहे.

मला यातलं राजकारण असं दिसतं: गोळी द्यावी यावर जगात फारसा वाद उरलेला नाही. भांडण आहे ते ती कुणाला द्यायची, त्याच्यापर्यंत कुणी जायचं आणि जाणाऱ्याने तिथे काय बोलायचं यावर. देणाऱ्या देशातही तेच, आणि घेणाऱ्या देशातही.

अमेरिकेचे अध्यक्ष बुश यांनी एड्ससाठी पैसा का दिला?

जानेवारी २००० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने पहिल्यांदाच एका आजारावर चर्चा घेतली. तो आजार म्हणजे एड्स. सैन्य, पोलीस, शिक्षक हेच मरायला लागले तर देश कोसळतील आणि कोसळलेले देश आपल्याला महागात पडतील, ही त्यामागची चिंता. दयेपेक्षा धास्तीच जास्त.

तेव्हा तीन औषधांच्या उपचाराचा वर्षाचा खर्च माणशी दहा ते पंधरा हजार डॉलर होता. आफ्रिकेत तो कुणाला परवडणार? वर गोऱ्या अधिकाऱ्यांची दुसरी शंका होतीच. यूएसएडचे तेव्हाचे प्रमुख अँड्र्यू नॅट्सिओस यांनी २००१ मध्ये, आफ्रिकेतल्या लोकांना पाश्चात्त्य पद्धतीची वेळच कळत नाही, मग ते वेळेवर गोळ्या कशा घेणार, अशा अर्थाचं बोलून स्वतःवर टीका ओढवून घेतली होती. पुढे याच लोकांनी गोळ्या नेमाने घेऊन दाखवल्या, तो भाग वेगळा.

चित्र पालटलं ते मुंबईतून. फेब्रुवारी २००१ मध्ये सिप्ला या औषध कंपनीच्या युसुफ हमीद यांनी तिन्ही औषधं मिळून वर्षाला ३५० डॉलरमध्ये देण्याची तयारी दाखवली, म्हणजे दिवसाला एक डॉलर. हे जमलं ते आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यामुळे. त्या कायद्यात औषधाच्या रेणूवर पेटंट नव्हतं, ते बनवण्याच्या पद्धतीवर होतं. तेच औषध वेगळ्या पद्धतीने बनवलं तर गुन्हा होत नसे. याच सुमारास दक्षिण आफ्रिकेच्या स्वस्त औषधांच्या कायद्याविरुद्ध ३९ औषध कंपन्या कोर्टात गेल्या होत्या. जगभर छी-थू झाल्यावर एप्रिल २००१ मध्ये त्यांनी दावा मागे घेतला. भारताने २००५ पासून रेणूवरही पेटंट देणं सुरू केलं, पण तोवर दार उघडलेलं होतं.

२८ जानेवारी २००३ च्या भाषणात जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी पाच वर्षांत १,५०० कोटी डॉलर देण्याची घोषणा केली. ही योजना पेपफार या नावाने ओळखली जाते. उपचाराचा खर्च वर्षाला १२ हजार डॉलरवरून ३०० च्या खाली आला आहे, असं त्यांनी त्यात सांगितलं. तो कुणामुळे आला, हे सांगितलं नाही. याच भाषणात त्यांनी इराकविरुद्धच्या युद्धाची भूमिकाही मांडली होती. एका हातात औषध, दुसऱ्या हातात बॉम्ब. जगासमोर अमेरिकेचा चेहरा जरा बरा दिसावा, ही गरज तेव्हा होतीच.

पण तेवढंच कारण मानणं अन्यायाचं होईल. बुश यांच्या पक्षाचा कणा असलेल्या कट्टर ख्रिस्ती गटांचं मन तेव्हा बदलत होतं. सिनेटर जेसी हेल्म्स यांचं उदाहरण घ्या. परदेशी मदतीवर आयुष्यभर आगपाखड केलेला हा माणूस. एड्सकडे तो समलिंगींच्या पापाचं फळ म्हणून बघायचा. त्याच हेल्म्स यांनी २००२ मध्ये आईकडून बाळाला होणारी लागण थांबवण्यासाठी ५० कोटी डॉलर द्यावेत, अशी मागणी केली. आई आणि बाळ निष्पाप, म्हणून मदतीला पात्र. पुढच्या सगळ्या अटींची नाळ इथे सापडते.

निकाल काय लागला? अमेरिकी सरकारच्याच हिशेबाने या योजनेने अडीच कोटी जीव वाचवले. आकड्यात थोडंफार इकडेतिकडे धरलं, तरी एका सरकारने दुसऱ्या देशांतल्या माणसांसाठी केलेलं आरोग्याचं इतकं मोठं काम मला दुसरं माहीत नाही. २००४ मध्ये जगभरात एड्सने साधारण २१ लाख लोक मेले. २०२४ मध्ये हा आकडा ६ लाख ३० हजारांवर आला. श्रेय एकट्या पेपफारचं नाही, पण मोठा वाटा तिचा.

सुरुवातीला या पैशातून स्वस्त भारतीय गोळ्या घ्यायला अमेरिका तयार नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेने पास केलेलं औषधही तिला चालेना, आमच्याच एफडीएची, म्हणजे अमेरिकी औषध नियामकाची, मान्यता हवी असा हट्ट. योजनेचे पहिले प्रमुख रँडल टोबायस हे एलाय लिली या औषध कंपनीचे माजी प्रमुख होते, तेव्हा लोकांनी बोट दाखवलं यात नवल नाही. मग एफडीएने जेनेरिकसाठी वेगळी झटपट वाट काढली आणि काही वर्षांतच आफ्रिकेत अमेरिकी पैशाने वाटल्या जाणाऱ्या गोळ्यांत भारतीय कंपन्यांचा माल सर्वात जास्त झाला. मदत आफ्रिकेला, ऑर्डर भारताला. ही आपल्याकडे फारशी बोलली न जाणारी बाजू.

सगळा पैसा मात्र असा एका देशाकडून दुसऱ्याला थेट जात नाही. २००२ मध्ये जिनिव्हात ग्लोबल फंड सुरू झाला. त्यात अनेक देश पैसे टाकतात आणि देणारे, घेणारे, रुग्णांचे प्रतिनिधी मिळून वाटप ठरवतात. इथे एका देशाची मनमानी कमी चालते. अमेरिकी कायद्यात अट आहे की आपला वाटा एकूण जमेच्या ३३ टक्क्यांवर जाता कामा नये. भारत या फंडाकडून पैसे घेतो आणि त्यात टाकतोही.

पैशाबरोबर आलेली कलमं

पेपफारच्या पहिल्या कायद्यात प्रतिबंधासाठीच्या रकमेतला एक तृतीयांश भाग ‘लग्नापर्यंत संयम’ शिकवण्यासाठी राखून ठेवला होता. संयम, मग जोडीदाराशी निष्ठा, आणि ते नाही जमलं तर कंडोम, असा क्रम. ऐकायला वाईट वाटत नाही. पण आपल्याकडच्या कुठल्याही एआरटी सेंटरच्या बाकावर बसलेल्या बायका बघा. त्यातल्या कितीतरी जणींनी लग्नापर्यंत संयम ठेवला होता, नंतर निष्ठाही ठेवली होती. लागण नवऱ्याकडून आली. त्यांना या उपदेशाचा उपयोग काय? २००८ मध्ये हे कलम सैल करण्यात आलं.

दुसरं कलम जास्त खोल गेलं. अमेरिकेचा एड्सचा पैसा घ्यायचा, तर ‘आम्ही वेश्याव्यवसायाच्या विरोधात आहोत’ असं धोरण संस्थेने लेखी स्वीकारायचं. अडचण अशी की, ज्या बाईच्या खोलीवर जाऊन तिला तपासणीला या म्हणायचं, कंडोम हातात ठेवायचे, तिच्याच धंद्याचा निषेध करणाऱ्या कागदावर आधी सही करायची. मग ती विश्वास ठेवेल कशाला? ब्राझीलने २००५ मध्ये याच कारणावरून सुमारे चार कोटी डॉलर नाकारले. आणि आपल्या सांगलीच्या ‘संग्राम’ने त्याच वर्षी अमेरिकी पैसा परत केला. देहविक्री करणाऱ्या बायकांना सोबत घेऊनच, त्यांच्याच संघटनेच्या बळावर ही संस्था काम करते. सांगलीसारख्या ठिकाणाहून महासत्तेला ‘तुमची अट तुमच्याजवळ ठेवा’ म्हणायचं, याला जिगर लागते.

हे कलम अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०१३ मध्ये कोर्टाने सांगितलं की अमेरिकी संस्थांवर अशी सक्ती करता येणार नाही, कारण ती अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्यावर गदा आहे. २०२० मध्ये त्याच कोर्टाने सांगितलं की हे संरक्षण त्यांच्या परदेशी सहयोगी संस्थांना नाही. म्हणजे वॉशिंग्टनमधल्या कार्यालयाला तोंड आहे, दूरच्या गावातल्या शाखेला नाही.

तिसरा वाद गर्भपाताचा. अमेरिकी मदतीतून गर्भपात करता येत नाही, हा कायदा १९७३ पासून आहे आणि तोही वर सांगितलेल्या हेल्म्स यांच्याच नावाने ओळखला जातो. १९८४ मध्ये रेगन यांनी त्यावर कडी केली. जी परदेशी संस्था स्वतःच्या वेगळ्या पैशातूनही गर्भपाताची सेवा देते, त्याबद्दल सल्ला देते किंवा कायदा सैल करा म्हणते, तिला कुटुंबनियोजनाचा पैसा नाही. तेव्हापासून हा नियम अध्यक्ष बदलला की बदलतो. क्लिंटन यांनी काढला, बुश यांनी आणला, ओबामांनी काढला, ट्रम्प यांनी आणला, बायडन यांनी काढला, ट्रम्प यांनी पुन्हा आणला. बुश यांनी निदान एड्सचा पैसा यातून वगळला होता. २०१७ मध्ये ट्रम्प यांनी तोही आत ओढला.

या भांडणात पेपफारची वीस वर्षांची दोन्ही पक्षांतली सहमती फुटली. आधी दर पाच वर्षांनी बिनबोभाट मुदतवाढ मिळायची. २०२३ मध्ये ती अडली, आणि मार्च २०२४ मध्ये मिळाली ती जेमतेम वर्षाची. पुढे मोझांबिकमध्ये या पैशावर काम करणाऱ्या चार नर्सनी २१ गर्भपात केल्याचं उघड झालं. गर्भपात त्या देशात कायदेशीर आहेत. पण अब्जावधी डॉलरच्या योजनेच्या विरोधकांना तो २१ चा आकडा पुरेसा होता.

मंजूर झालेला पैसा आणि हातात आलेला पैसा

विदर्भातल्या माणसाला हा भाग समजावून सांगायची गरज पडू नये. अनुशेष, दांडेकर समिती, वैधानिक विकास मंडळ, आणि दर डिसेंबरला हिवाळी अधिवेशनात जाहीर होणारं पॅकेज हे सगळं आपण ऐकत मोठे झालो. सभागृहात मंजूर झालेला निधी, खात्याने वितरित केलेला निधी आणि प्रत्यक्ष खर्च झालेला निधी या तीन वेगळ्या गोष्टी असतात, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. अमेरिकेत २०२५ मध्ये नेमकं हेच झालं, फक्त रक्कम डॉलरमध्ये होती.

तिथल्या राज्यघटनेप्रमाणे तिजोरीची किल्ली संसदेकडे. संसदेने मंजूर केलेला पैसा अध्यक्षाला आपल्या मर्जीने अडवून ठेवता येऊ नये, म्हणून १९७४ मध्ये खास कायदा झाला. तो झाला कारण निक्सन यांनी तसा पैसा अडवला होता. ट्रम्प सरकारने मदत थांबवल्यावर एड्सच्या लशीसाठी काम करणारी एक संस्था आणि तिच्यासोबत आणखी काही संस्था कोर्टात गेल्या. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी, आधीच झालेल्या कामाचे सुमारे २०० कोटी डॉलर देण्याचा खालच्या कोर्टाचा आदेश रोखायला नकार दिला. सप्टेंबरमध्ये मात्र त्याच कोर्टाने वेगळ्या ४०० कोटी डॉलरच्या बाबतीत, तूर्त अडवून ठेवा, अशी मुभा सरकारला दिली. आर्थिक वर्ष ३० सप्टेंबरला संपतं. तोवर खर्च झाला नाही की पैसा आपोआप बुडतो. आपल्याकडचा ३१ मार्च आठवा.

दरम्यान १ जुलै २०२५ पासून यूएसएड ही साठ वर्षांहून जुनी संस्था बंद झाली आणि उरलेलं काम परराष्ट्र खात्यात गेलं. त्याच महिन्यात संसदेने परदेशी मदतीला मोठी कात्री लावली, पण पेपफारमधली ४० कोटी डॉलरची प्रस्तावित कपात सिनेटने काढून टाकली. रिपब्लिकन सिनेटरांनाही ती नको होती. म्हणजे गोळीला अजून मित्र आहेत.

माणसाला किती आहेत, ते फेब्रुवारी २०२५ च्या एका कागदात दिसतं. सगळं थांबवल्यावर ओरड झाली, तेव्हा सरकारने ‘जीव वाचवणाऱ्या’ एचआयव्ही सेवांना सूट दिली. उपचार चालू ठेवा. प्रतिबंधक औषधही चालेल, म्हणजे लागण होऊ नये म्हणून आधीच घ्यायची गोळी, जिला प्रेप म्हणतात. पण ती फक्त गरोदर आणि बाळाला पाजणाऱ्या बायकांना. देहविक्री करणाऱ्या बायका, समलिंगी पुरुष, तृतीयपंथी, सुई टोचून नशा करणारे, म्हणजे ज्यांना धोका सर्वात जास्त, ते त्या यादीत नव्हते. विषाणूला अर्थातच यादी वाचता येत नाही.

अमेरिकी मतदाराला हे सगळं इतकं सहज का पटतं, याचं एक कारण गमतीचं आहे. परदेशी मदत हा तिथल्या केंद्रीय खर्चाचा जेमतेम एक टक्का असतो. पण पाहण्यांमध्ये लोकांना विचारलं की ते सरासरी पाव हिस्सा सांगतात. पाव हिस्सा परदेशी जातोय असं वाटणाऱ्याला कपात आवडणारच.

आकड्यांचं राजकारण, आणि आपलं

मदत देताना आधी भीती मोजावी लागते आणि भीतीचे आकडे फुगतात. सप्टेंबर २००२ मध्ये अमेरिकी गुप्तचर विभागाच्या एका अहवालाने २०१० पर्यंत भारतात दोन ते अडीच कोटी लोक एचआयव्हीबाधित होतील असं भाकीत केलं. तेव्हाचे आरोग्यमंत्री शत्रुघ्न सिन्हा भडकले. त्यांना हा आकडा देशाची बदनामी वाटला. पुढे २००६ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा भारतासाठीचा अंदाज ५७ लाखांचा होता. मग घरोघर जाऊन रक्ताचे नमुने घेणारी पाहणी झाली आणि जुलै २००७ मध्ये आकडा निम्म्याहून खाली, सुमारे २५ लाखांवर आला. सिन्हांचा राग आकड्यापुरता बरोबर ठरला. पण त्या फुगलेल्या आकड्यांच्या धाकाने आलेला पैसा आणि लक्ष यांनी साथ वाढू दिली नाही, हेही खोटं नाही. सरकारी अंदाजानुसार आज देशात २५ लाखांहून जास्त लोक एचआयव्हीसह जगतात आणि त्यात सर्वाधिक महाराष्ट्रात, चार लाखांच्या आसपास.

भारताचा पहिला एड्स कार्यक्रम १९९२ चा, जागतिक बँकेच्या ८.४ कोटी डॉलरच्या कर्जावर उभा राहिलेला. कर्ज, देणगी नव्हे. २००३ मध्ये गेट्स फाउंडेशनचा ‘आवाहन’ प्रकल्प महाराष्ट्रासह सहा राज्यांत आला, आणि काही वर्षांनी तो ठरवून सरकारच्या स्वाधीन करण्यात आला. १ एप्रिल २००४ पासून सरकारी एआरटी मोफत मिळू लागली. २०२१ ते २०२६ च्या पाचव्या टप्प्यासाठी केंद्राने १५,४७१.९४ कोटी रुपये मंजूर केले. दिल्लीने टेंडर, गोळी आणि पगार हळूहळू स्वतःच्या अंगावर घेतले, म्हणून ट्रम्प यांच्या सहीने मेडिकलचं औषध थांबलं नाही. हे श्रेय कुठल्या एका सरकारचं नाही, पण द्यायला हवं.

मदतीवर टीका करणाऱ्यांचा एक मुद्दा इथे मान्य करावा लागतो. २००१ मध्ये नायजेरियातल्या अबुजा इथे आफ्रिकी देशांनी अर्थसंकल्पाच्या १५ टक्के रक्कम आरोग्यावर खर्च करू असं वचन दिलं. बहुतेकांनी ते पाळलं नाही. परदेशी पैसा येतोय म्हटल्यावर आपला कशाला काढा, ही वृत्ती सगळीकडे सारखीच. दक्षिण आफ्रिकेने तुलनेने बरं केलं. तिथे एड्सच्या खर्चात अमेरिकी वाटा सुमारे १७ टक्केच होता. पण त्या १७ टक्क्यांत हजारो नर्स, समुपदेशक आणि पाठपुरावा करणारे कार्यकर्ते बसले होते. गोळी सरकारची, माणूस अमेरिकेचा. पैसा गेला तेव्हा गोळी राहिली आणि माणूस गेला.

स्वतःचा पैसा असला म्हणजे सगळं आलबेल, असंही नाही. २०२२ च्या जुलै-ऑगस्टमध्ये टेंडर रखडल्याने औषधांचा तुटवडा पडला आणि एचआयव्हीसह जगणारे लोक दिल्लीत नॅकोच्या कार्यालयात चाळीसहून अधिक दिवस धरणं धरून बसले. कार्यक्रमातले बरेच कर्मचारी कंत्राटी आहेत. आणि परदेशी पैशावर आपल्या सरकारच्याही अटी आहेत. परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी देणगी घेणाऱ्या संस्थेला तो पैसा दुसऱ्या संस्थेला देता येत नाही आणि प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या वर नेता येत नाही. मोठ्या शहरातली नोंदणीकृत संस्था पैसा आणायची आणि तालुक्यातल्या चार बायकांच्या मंडळाला द्यायची, ती साखळी तुटली. हिशेब स्वच्छ हवा यात वाद नाही, पण वस्तीत शिरणारा माणूस नेमका त्या शेवटच्या मंडळाचा असतो.

नागपुरात ऑगस्ट २०२१ मध्ये इतवारी भागातली गंगा-जमुना वस्ती पोलिसांनी बॅरिकेड लावून सील केली. यात अमेरिकेचा काही संबंध नव्हता. आजूबाजूच्या काही रहिवाशांना वस्ती हटायला हवी होती, तिथल्या बायकांनी रस्त्यावर उतरून विरोध केला आणि शहरात दोन तट पडले. आरोग्याच्या अंगाने बघितलं तर हिशेब साधा आहे. वस्ती एका जागी असते तेव्हा पीअर, म्हणजे त्यांच्यातलीच प्रशिक्षित बाई, एका दुपारी वीस घरं फिरून कंडोम आणि तपासणीची तारीख देऊन येते. बायका वाडीच्या ट्रान्सपोर्ट पट्ट्यात, महामार्गावरच्या ढाब्यांवर, भाड्याच्या खोल्यांत पांगल्या की तिला पत्तेच सापडत नाहीत. अमेरिकी संसदेने वेश्याव्यवसायविरोधाच्या कलमातून जे कागदावर केलं, ते आपण बॅरिकेडने करू शकतो.

आता पुढे काय

सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने आरोग्य मदतीचं नवं धोरण जाहीर केलं. संस्थांना पैसा देण्याऐवजी एकेका देशाच्या सरकारशी करार करायचा, त्या सरकारने दरवर्षी स्वतःचा वाटा वाढवत न्यायचा. पहिला मोठा करार डिसेंबरमध्ये केनियाशी झाला: पाच वर्षांत अमेरिकेचे १६० कोटी डॉलर, केनियाची ८५ कोटींची वाढ. कागदावर हे भारताच्या वाटेसारखंच दिसतं आणि त्यात चूक काही नाही. फरक वेळेचा आहे. आपल्याला हस्तांतरणाला पंधरा-वीस वर्षं मिळाली. शिवाय जिथे समलिंगी संबंध गुन्हा आहेत, अशा देशांतल्या सरकारच्याच हातात सगळा पैसा गेला की त्या लोकांसाठीचं क्लिनिक कोण चालवणार, याचं उत्तर करारात शोधावं लागतं.

ग्लोबल फंडाची ओंजळही आटली आहे. २०२२ मध्ये त्याला १,५७० कोटी डॉलरची आश्वासनं मिळाली होती, नोव्हेंबर २०२५ मध्ये १,१३४ कोटींची. त्यात अमेरिकेची ४६० कोटींची, आधी ती ६०० कोटींची होती. ब्रिटननेही एकूण परदेशी मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.३ टक्क्यांवर आणायचं ठरवलं आहे. एकट्या ट्रम्प यांच्या माथी सगळं मारून चालणार नाही.

आणि नेमक्या याच काळात विज्ञानाने मोठी गोष्ट हाती दिली. लेनाकापाव्हिर नावाचं इंजेक्शन सहा महिन्यांतून एकदा टोचलं की एचआयव्हीची लागण जवळपास पूर्ण टळते. अमेरिकेत जून २०२५ मध्ये त्याला मान्यता मिळाली, तिथली छापील किंमत वर्षाला २८ हजार डॉलरच्या वर. डॉ. रेड्डीज आणि हेटेरो या भारतीय कंपन्या २०२७ पासून गरीब देशांना ते वर्षाला ४० डॉलरच्या आसपास देणार आहेत. सिप्लाच्या वेळची गोष्ट पुन्हा घडते आहे, फक्त या वेळी मूळ कंपनी गिलियडच्या परवान्याने. रोजच्या गोळीची बाटली लपवायची कटकट नाही, लेबल खरवडायचं नाही. वर्षातून दोनदा जायचं की झालं.

अमेरिका आणि ग्लोबल फंड मिळून तीन वर्षांत २० लाख लोकांना हे इंजेक्शन द्यायचं म्हणतात. सप्टेंबर २०२५ च्या घोषणेत अमेरिकी परराष्ट्र खात्याने आपला प्राधान्यक्रमही सांगून टाकला: गरोदर आणि बाळाला पाजणाऱ्या माता. बाकीच्यांचं इंजेक्शन कोण विकत घेणार, हे ग्लोबल फंडाला आणि त्या त्या देशाच्या सरकारला ठरवायचं आहे. आपल्याकडे राष्ट्रीय कार्यक्रमाच्या पाचव्या टप्प्याची मुदत मार्च २०२६ पर्यंतची. त्यानंतरच्या आराखड्यात प्रेपसाठी किती रक्कम पडते आणि वस्तीत फिरणाऱ्या पीअरच्या मानधनासाठी किती, हे दोन आकडे शेजारी ठेवून बघायला हवेत.